‘जोकर’ किशोरांच्या कपाटात ठेवावा का?

माझी मावसबहीण अमेरिकेत एका सार्वजनिक वाचनालयात काम करते. तिकडच्या वाचनालयांतून पुस्तकांप्रमाणे चित्रपटांच्या डीव्हीडीही घरी नेता येतात, आणि १२ ते १८ वयाच्या मुलांसाठी वेगळा विभाग असतो. त्या विभागात २०१९ चा ‘जोकर’ ठेवायचा की नाही, यावर तिला टिपण लिहायचं होतं. तिने फोनवर विचारलं, “दादा, डॉक्टर म्हणून सांग, यात मुलांना घातक नेमकं काय आहे?”

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, साधा फॅमिली डॉक्टर आहे. एरवी विषय टाळला असता. पण त्याच आठवड्यात एक आई तिच्या सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली होती. नैराश्यासाठी सुरू केलेल्या गोळ्या त्याने दोन महिन्यांतच परस्पर बंद केल्या होत्या. का, तर गोळ्यांनी आपण ‘खोटे’ होतो असं त्याला वाटत होतं. ‘जोकर’ त्याने मोबाइलवर दोनदा पाहिला होता. आईनेही त्याच्या खांद्यावरून थोडा पाहिला होता. मुलगा बाहेर गेल्यावर तिने हळूच विचारलं, “डॉक्टर, हा पण पुढे असा होईल का हो?”

एकाच चित्रपटातून मुलाने एक गोष्ट उचलली आणि आईने दुसरी. मला त्या दोन्ही गोष्टींबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

सर्टिफिकेट काय सांगतं, काय नाही

अमेरिकेत ‘जोकर’ला ‘आर’ रेटिंग आहे. म्हणजे १७ वर्षांखालच्या मुलाला थिएटरात पालकांसोबतच प्रवेश. भारतात त्याला ‘ए’ सर्टिफिकेट मिळालं. मग प्रश्नच मिटला, असं तुम्हाला वाटेल. पण अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची भूमिका अशी आहे की हे रेटिंग एका खासगी संस्थेचं आहे, आणि वाचनालयाने त्याच्या आधारावर मुलांना अडवू नये. त्यामुळे बहिणीला आशय पाहूनच ठरवावं लागणार होतं.

मला ते पटतं, कारण रेटिंग देताना मुख्यतः रक्त, शिव्या आणि लैंगिक दृश्यं पाहिली जातात. आजाराबद्दल काय सांगितलं आहे याकडे सहसा लक्ष जात नाही. २००८ च्या ‘द डार्क नाइट’चं उदाहरण घ्या. त्याला अमेरिकेत सौम्य ‘पीजी-१३’ मिळालं. त्यात जोकरच्या एका साथीदाराबद्दल सांगितलं जातं की तो स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आहे, आणि अशीच माणसं जोकरकडे ओढली जातात. एका वाक्यात एका आजाराच्या सगळ्या रुग्णांवर शिक्का बसला! हा चित्रपट बहिणीच्या किशोर विभागात कित्येक वर्षं आहे, त्यावर टिपण कोणी मागितलं नाही.

ते हसणं

‘जोकर’मधल्या आर्थर फ्लेकला नको त्या वेळी हसू फुटतं आणि ते थांबत नाही. लोकांना दाखवायला तो खिशात एक कार्ड बाळगतो. चित्रपट आजाराचं नाव घेत नाही, पण हे वर्णन ‘स्यूडोबल्बर अफेक्ट’शी बरंच जुळतं. मेंदूतल्या भावना आवरणाऱ्या यंत्रणेला इजा झाली की आत काही वाटत नसताना हसू किंवा रडू फुटतं. डोक्याला जबर मार, पक्षाघात, मल्टिपल स्क्लेरोसिस, मोटर न्यूरॉनचा आजार, यांत हे दिसतं. आर्थरला लहानपणी डोक्याला मार बसलेला दाखवला आहे, त्यामुळे इथे दिग्दर्शक टॉड फिलिप्सला मी पैकीच्या पैकी गुण देईन. वाकीन फीनिक्सने ते हसणं दुखऱ्या उचकीसारखं केलं आहे.

तुमच्या घरी पॅरालिसिसनंतर आजोबा टीव्हीवरची जाहिरात पाहूनही रडत असतील, किंवा मयताला गेल्यावर हसले म्हणून नातेवाईक रागावले असतील, तर हे लक्षात ठेवा. तो मेंदूच्या इजेचा परिणाम असू शकतो. नैराश्याची काही औषधं कमी डोसमध्ये यावर चांगली लागू पडतात. न्यूरॉलॉजिस्टला आवर्जून सांगा, बहुतेक कुटुंबं लाजेने सांगतच नाहीत. आणि या हसण्या-रडण्याचा हिंसेशी काही संबंध नाही.

मुलाने काय उचललं

आर्थर सात औषधं घेत असतो. सरकारी निधी बंद होतो, समुपदेशन केंद्र बंद पडतं, औषधं थांबतात. इथपर्यंत चित्रपट प्रामाणिक आहे. उपचार तुटले की गरीब माणसाचं काय होतं, हे त्यात दिसतं. पण पुढे आर्थर औषधं सुटल्यावर बरं वाटतंय असं सांगतो, आणि तिथून त्याची चाल, कपडे, आत्मविश्वास सगळं पालटतं. पायऱ्यांवरचा तो नाच सोळा वर्षांच्या मुलाला सुटकेसारखा वाटला तर नवल नाही.

प्रत्यक्षात काय होतं? नैराश्याच्या गोळ्या अचानक सोडल्या की काही दिवसांत चक्कर, मळमळ, झोपमोड, चिडचिड, अंगात करंट गेल्यासारखं वाटणं असा त्रास होऊ शकतो. काहींना मात्र सुरुवातीला खरंच हलकं वाटतं, कारण दुष्परिणाम कमी झालेले असतात. हेच फसवं आहे. आजार आठवड्यांनी, कधी महिन्यांनी परत येतो, आणि तोवर गोळ्यांचा संबंध कोणी जोडत नाही. फिटच्या गोळ्या अचानक सोडणं तर थेट धोक्याचं आहे.

आईने काय उचललं

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. काही प्रौढांना ‘जोकर’ दाखवला, काहींना ‘टर्मिनेटर’ मालिकेतला त्याच वर्षीचा चित्रपट. ‘जोकर’ पाहिलेल्यांच्या मनात मनोरुग्णांविषयीचा पूर्वग्रह आधीपेक्षा वाढलेला आढळला, दुसऱ्या गटात तशी वाढ दिसली नाही. अभ्यास प्रौढांवरचा होता, मोजणी चित्रपटाच्या आगेमागेच झाली. त्यावरून मुलं बिघडतात असं कोणी म्हणू नये. पण त्या आईचा प्रश्न कुठून आला हे मला त्यातून कळलं. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कधीच हिंसक होत नाहीत. उलट हिंसा सोसण्याची वेळ त्यांच्यावर जास्त येते. आर्थरला पहिल्या अर्ध्या तासात जो मार बसतो, तो भाग त्या मानाने खरा आहे.

मी आईला सांगितलं, “नाही, तुमचा मुलगा असा होणार नाही. त्याला नैराश्य आहे, ते उपचारांनी आटोक्यात येतं.” मुलाला पुन्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तीन आठवड्यांनी तो एकटाच येऊन बीपी मोजून गेला. गोळ्यांबद्दल मी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं की चालू आहेत.

बहिणीला मी कळवलं की चित्रपट वाचनालयात जरूर ठेव, पण किशोर विभागात नको, प्रौढांच्या कपाटात ठेव. बारा वर्षांचा आणि सतरा वर्षांचा एकाच फळीसमोर उभे राहतात, हे एक कारण. दुसरं, त्यात आर्थर आत्महत्येचा सराव करतानाचं दृश्य आहे, जे आधीच खचलेल्या मुलाने एकट्याने पाहू नये. सतराच्या मुलाला हवा असेल तर तो मोठ्यांच्या कपाटातून मागून नेईल, आणि मागताना कोणाशी तरी दोन शब्द बोलेल. तिला हे थोडं गुळमुळीत वाटलं. असेल.

आपल्याकडे मुलांना कपाटापर्यंत जावंच लागत नाही. २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवर वयाचे गट आणि पालकांसाठी लॉक आहे, पण पासवर्ड घरात सगळ्यांनाच पाठ असतो. तेव्हा मुलाने ‘जोकर’ पाहिला आहे असं कळलं तर मोबाइल हिसकावू नका. “त्याच्या जागी तू असतास तर कोणाकडे गेला असतास?” एवढंच विचारा आणि उत्तर पूर्ण होऊ द्या. मूल गोळ्या घेत असेल तर किती उरल्या आहेत ते मोजा. औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पहिले काही आठवडे पंचविशीच्या आतल्या मुलांवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. मरणाची भाषा, कमालीची अस्वस्थता किंवा रात्रभर जागरण दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि मुलाला एकटं सोडू नका. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं, आणि फोन पालकांनीही करता येतो.