सच्छिद्र सिलिकॉन आणि आपला 'गुणधर्म लिहा' हा प्रश्न



28 फेब्रुवारीला आपण सगळेच राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. लेकरं पाठ केलेलं भाषण म्हणतात, टाळ्या होतात, फोटो ग्रुपवर जातात. पण पदार्थ आणि प्रकाश यांचं नातं त्यांना किती कळतं? माझं स्पष्ट मत आहे की 'गुणधर्म लिहा' या प्रश्नाला आपण आणखी एक प्रश्न जोडलाच पाहिजे: "हे केव्हा खरं असतं?" का, ते सच्छिद्र सिलिकॉनच्या उदाहरणावरून बघू.

सिलिकॉन म्हणजे मोबाईलच्या चिपमधला अर्धवाहक. आपल्या कन्हानच्या वाळूतही तो ऑक्सिजनशी जोडलेला असतो. चिपसाठी उत्तम, पण प्रकाश द्यायला भारी कंजूस! त्याला दिलेली ऊर्जा बहुतेक उष्णतेत जाते. थोडा प्रकाश निघतो तोही अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. म्हणून एलईडी दिव्यात गॅलियम नायट्राइडसारखे दुसरे अर्धवाहक वापरतात.

1956 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉन गुळगुळीत करण्यासाठी त्याला हायड्रोफ्लोरिक आम्लात ठेवून वीज सोडत होते. कधी कधी चकाकी येण्याऐवजी वर रंगीत थर यायचा. तो थर बारीक छिद्रांचा आहे हे पुढे समजलं. 1990 मध्ये इंग्लंडच्या ली कॅनहॅम यांनी ही छिद्रं इतकी वाढवली की मधे फक्त काही नॅनोमीटर जाडीच्या काड्या उरल्या. त्यांच्यावर हिरवा किंवा निळा लेझर पाडला, तर साध्या खोलीच्या तापमानाला लाल प्रकाश नुसत्या डोळ्यांनी दिसला.

असं का झालं? एकतारीची तार बोटाने दाबून आखूड केली की सूर चढतो ना? तसंच काहीसं. काडी अतिबारीक झाली की इलेक्ट्रॉनला जागा कमी पडते, प्रकाशाची ऊर्जा वाढते आणि अवरक्त प्रकाश लाल होतो. काहींच्या मते छिद्रांच्या पृष्ठभागावरच्या रसायनांचाही यात वाटा होता, आणि त्यावर बराच वाद झाला. जॉर्ज जॉन आणि विजय सिंग या आपल्या भौतिकशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये या विषयाच्या सिद्धांतांचा मोठा आढावा लिहिला. विजय सिंग पुढे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शालेय ऑलिम्पियाडचं काम करत होते, हे मला फार बोलकं वाटतं.

काही जण म्हणतील, "मॅडम, हे प्राथमिकच्या पोरांना कशाला?" आम्ल आणि लेझर शाळेत नकोच. खडीसाखर आणा. खडा बऱ्यापैकी पारदर्शक दिसतो, कुटला की पांढराशुभ्र! पदार्थ तोच. इथलं कारण वेगळं आहे: असंख्य कणांवरून प्रकाश सगळीकडे विखुरतो. पण मुलांना आकाराचं महत्त्व डोळ्यांनी दिसतं. मग विचारा, "साखरेचा रंग कोणता?" बघा वर्गात कशी चर्चा रंगते!

वेळ नाही, अभ्यासक्रम संपवायचाय, हे मलाही ठाऊक आहे. पण या प्रश्नाला दोनच मिनिटं लागतात. 'सिलिकॉन प्रकाश देत नाही' एवढंच पाठ करणारं लेकरू तिथंच थांबतं. "केव्हा?" विचारणारं लेकरू उद्या त्याच सिलिकॉनला छिद्रं पाडून बघेल.

तुमच्या वर्गात करून बघा.