इन्सुलिन ‘कृत्रिम’ आहे म्हणून नाकारू नका

“डॉक्टर, हे इन्सुलिन जनुकांशी खेळून बनवतात ना? मग आमच्या जनुकांना काही होणार नाही ना?” इन्सुलिन सुरू करायचं म्हटलं की हा प्रश्न बरेच जण विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट समजून घेऊ.

इन्सुलिन हे प्रथिन आहे. ते कसं बनवायचं याची कृती डीएनएमध्ये चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते. १९७०च्या दशकात प्रयोगशाळेत डीएनएचे एकेरी आणि आखूड, जेमतेम दहा-पंधरा अक्षरांचे तुकडेच नीट बनवता येत. कृती मात्र बरीच लांब होती. मग तुकडे जोडायचे कसे?

विटांची भिंत आठवा. खालच्या दोन विटांच्या सांध्यावर वरची वीट येते. तसंच, समोरचा तुकडा दोन तुकड्यांना शेजारी धरून ठेवतो, कारण ठरावीक अक्षराची जोडी ठरावीक अक्षराशीच जमते. मधली फट बुजवतं ते ‘लायगेज’ नावाचं एन्झाइम. यात अघोरी काही नाही. तुमच्या शरीरातली पेशी विभागते तेव्हा तिथेही लायगेज हेच काम करतं.

याच पद्धतीने डॉ. हरगोविंद खुराना यांच्या गटाने १९७० मध्ये ७७ जोड्यांचं पहिलं कृत्रिम जनुक तयार केलं. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनची जनुकं अशीच जोडून जिवाणूंत घातली आणि जिवाणूंकडून इन्सुलिन बनवून घेतलं. १९८२ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झालं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ते जनुक कारखान्यातल्या जिवाणूत किंवा यीस्टमध्ये राहतं. तुम्ही टोचून घेता ते शुद्ध केलेलं प्रथिन. ते तुमची जनुकं बदलत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की ‘नैसर्गिक ते चांगलं, कृत्रिम ते वाईट’ हा हिशेब इथे चुकतो. पूर्वी गाय आणि डुकराचं ‘नैसर्गिक’ इन्सुलिन वापरत. गाईचं आपल्यापेक्षा तीन अमिनो आम्लांनी वेगळं, डुकराचं एका. कारखान्यातलं मानवी इन्सुलिन हुबेहूब आपल्यासारखं आहे. हल्लीच्या काही प्रकारांत मुद्दाम थोडा बदल करतात, तो परिणाम लवकर किंवा जास्त वेळ मिळावा म्हणून.

काळजी घ्यायचीच तर या गोष्टींची घ्या:

• घाम, थरथर, धडधड झाली तर साखर तपासा. तपासणं शक्य नसेल तर थांबू नका, लगेच साखर खा.
• रोज एकाच जागी टोचू नका, गाठी होतात.
• इन्सुलिन फ्रीजरमध्ये ठेवू नका.
• काढा किंवा चूर्ण सुरू केलं म्हणून इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. टाइप १ मधुमेहात हे काही दिवसांत जिवावर बेतू शकतं.

शंका असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा, पण इंजेक्शन चुकवू नका.