चाळ, मनोरा आणि शेजारधर्म

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवाच्या व्यवसायासाठी महाराष्ट्रात ओळखले जाते. १८५९ मध्ये पुण्याहून बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, आगगाडी सुरू झाली आणि या लोहमार्गालगतच्या गावांतून जसा माल बाहेर जाऊ लागला, तशी माणसेही जाऊ लागली. पाऊस दगा देई, शेत पिकेनासे होई आणि घरातला कर्ता मुलगा पुण्यामुंबईची वाट धरी. १९७२ च्या दुष्काळाने ही वाट अधिकच रुळली. म्हणूनच मुंबईच्या लालबाग-परळ भागात जुने रहिवासी आणि नवे रहिवासी यांच्यात आज जो दुरावा वाढत आहे, तो केवळ मुंबईकरांच्या काळजीचा विषय आहे, असे करमाळ्याच्या किंवा माढ्याच्या माणसाने समजू नये. ज्या वस्तीने एके काळी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या गरजू माणसाला पाठ टेकायला जागा दिली, ती वस्ती यापुढे कोणाची राहणार, असा हा प्रश्न आहे.

या दुराव्याची रूपे वरवर पाहता क्षुल्लक वाटतात. चाळ पाडून जे संकुल उभे राहते, त्यात पुष्कळदा दोन इमारती असतात. एक जुन्या भाडेकरूंची, दुसरी विक्रीची. दोन्हींची फाटके निराळी, लिफ्ट निराळ्या, वाहने ठेवण्याच्या जागाही निराळ्या. एकाच आवारातील मुले दोन वेगवेगळ्या अंगणांत खेळतात. गणेशोत्सवातील ढोल-ताशा एकाला वर्षाचा आनंद वाटतो, तर दुसऱ्याला कानठळ्या बसवणारा गोंगाट. एकाच्या घरी मासळी तळली की दुसऱ्याला वास असह्य होतो. पदपथावरची कोळीण आणि भाजीवाला ही एकाला सोय वाटते, दुसऱ्याला अडथळा. त्यात भाषेचा प्रश्न मिसळला की ठिणगी पडायला वेळ लागत नाही. जाहिरातदारांनी तर लोअर परळचे 'अपर वरळी' असे नवे बारसेही करून टाकले. ज्या नावाने तीन पिढ्यांनी आपला पत्ता सांगितला, ते नाव कोणाला तरी कमीपणाचे वाटते, हे कळल्यावर जुन्या रहिवाशाच्या मनाला जे लागते, ते समजून घेणे अवघड नाही.

हा अनुभव एकट्या मुंबईचा नाही. लंडनच्या इस्लिंग्टनसारख्या भागांत कष्टकऱ्यांची जुनी घरे मध्यमवर्गीय विकत घेऊ लागले आणि पाहता पाहता मूळचे रहिवासी तेथून नाहीसे झाले. रुथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९६४ मध्ये या प्रक्रियेला 'जेंट्रिफिकेशन' असे नाव दिले. मराठीत त्याला वस्तीचे 'भद्रीकरण' म्हणता येईल. मात्र लंडनमधील बदल बहुतांशी घराघराने झाला. गिरणगावात तो गिरणीगणिक झाला, आणि शासनाने आखून दिलेल्या नियमांच्या आधाराने झाला. हा फरक महत्त्वाचा आहे. कारण नियमांनी जे घडवले, ते नियमांनी सुधारताही येते.

मूळचा कोण?

प्रथम 'मूळचा' आणि 'उपरा' या शब्दांचा निकाल लावला पाहिजे. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. त्यानंतरच्या अर्धशतकात गिरण्यांची जी रांग उभी राहिली, तिच्यातला कामगार मुंबईत जन्मलेला नव्हता. तो रत्नागिरीहून आला, साताऱ्या-कोल्हापुराहून आला, नगर-सोलापूरकडून आला, उत्तर प्रदेशातूनही आला. एकेका गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे गडी आणि खानावळ चालवून त्यांना जेवू घालणाऱ्या बाया, हीच गिरणगावाची पहिली वस्ती. म्हणजे आजचा जुना रहिवासी कालचा उपराच होता. खुद्द सोलापूर शहर हे त्याचे दुसरे उदाहरण. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर आणि कन्नड बोलणारी घराणी वगळून सोलापूरचा इतिहास लिहिताच येणार नाही.

तेव्हा 'आधी आला तो धनी' या न्यायावर जुन्या रहिवाशाचा दावा उभा करता येत नाही. त्याचा दावा अधिक भक्कम पायावर उभा आहे. त्याने येथे घाम गाळला आणि नुसत्या दाटीवाटीच्या खोल्यांतून एक समाज उभा केला. कामगार चळवळ येथे वाढली, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला बळ येथून मिळाले, शाहीर अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि कवी नारायण सुर्वे यांचे शब्द येथील माणसांनी आपले मानले. अर्थात या जुन्या जगाचे सोवळे चित्र रंगवण्याचेही कारण नाही. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामाईक शौचालय आणि पाण्यासाठी पहाटेची रांग यांत काव्य शोधणाऱ्याने तेथे एक पावसाळा काढून पाहावा. ज्या गिरण्यांनी कामगारांना एकत्र आणले, त्याच गिरण्यांच्या विणकाम खात्यात दलित कामगाराला प्रवेश नसे, हेही विसरता येणार नाही. शेजारधर्म गिरणगावाला आयता मिळालेला नव्हता. तो भांडत, शिकत, हळूहळू कमावलेला होता.

नियमांनी घडवलेले वैर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि कापडापेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची ठरली. ही जमीन थोडीथोडकी नव्हे, सुमारे सहाशे एकर होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत तिच्याबाबत एक वाजवी तोडगा काढण्यात आला होता: एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये हा नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची न होता केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची व्हावी, असे ठरले. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? उद्याने आणि परवडणारी घरे यांचा वाटा त्यामुळे नाममात्र उरला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये सार्वजनिक हिताच्या बाजूने निर्णय दिला. परंतु २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ चा बदल कायम राहिला. दरम्यान, २००५ मध्येच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची एक गिरणी ७०२ कोटी रुपयांना विकली गेली होती. या भावाने घेतलेल्या जमिनीवर कोणासाठी काय बांधले जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

नवे कार्यालयीन मनोरे आले, पण रस्ते, पूल आणि स्थानके गिरणी कामगारांच्या काळातलीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण मरण पावले. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबर रोजी, कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा बळी गेला. या दोन्ही दुर्घटनांनी जुना आणि नवा असा भेद केला नाही. जमिनीचा भाव वाढवण्याची घाई ज्यांना होती, त्यांना पुलाची रुंदी वाढवण्याची नव्हती, याची किंमत नोकरीसाठी रोज धडपडत येणाऱ्या सामान्य माणसाने मोजली.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो बिनबुडाचा नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकाने दुरुस्ती सोडून दिली आणि पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. भाडेकरूलाच नवे घर हवे आहे, मग विकासाच्या नावाने बोटे का मोडायची? हे खरेच आहे. पुनर्विकासाला विरोध करून कोणाचे भले होणार नाही. परंतु प्रश्न पुढचा आहे. नव्या इमारतीत लिफ्ट, पंप आणि पहारेकरी यांचा मासिक खर्च निवृत्तिवेतनावर किंवा मुलाच्या तुटपुंज्या पगारावर चालणारे घर किती वर्षे सोसणार? तो सोसवेना की घर विकून बदलापूर, विरार किंवा पनवेल गाठावे लागते. कागदोपत्री त्याचे पुनर्वसन झालेले असते. प्रत्यक्षात तो वस्तीतून उठलेला असतो.

नव्या रहिवाशालाही या प्रकरणात खलनायक ठरवणे अन्यायाचे आहे. वीस वर्षांच्या कर्जाचे हप्ते फेडण्यासाठी पतिपत्नी दोघेही राबतात. त्यांनी कोणाची चाळ बळकावलेली नाही. बाजारात जे विकायला होते, ते त्यांनी घेतले. नियम बदलणाऱ्यांना सोडून जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यावर राग काढणे सोपे असते आणि काही पुढाऱ्यांना ते सोयीचेही असते. दोन शेजारी मासळीच्या वासावरून भांडत राहिले, तर जमिनीचा हिशेब विचारायला कोणी उरत नाही.

बाजाराने उठवलेल्यांचे काय?

करमाळा तालुक्याला विस्थापन नवे नाही. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखाली या तालुक्यातील गावेही गेली. नुकसानभरपाईचे पैसे हातात पडले म्हणून गाव परत मिळत नाही, हे येथील धरणग्रस्तांना कोणी शिकवायला नको. तथापि, प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाची जबाबदारी शासनाची आहे, हे तत्त्व महाराष्ट्राने १९७६ च्या कायद्याने मान्य केले. त्याची अंमलबजावणी अपुरी झाली असेल, पण हक्क मान्य झाला. धरणाने उठवलेल्या माणसाला जो हक्क तत्त्वतः आहे, तो बाजाराने उठवलेल्या माणसाला नसावा, याला कोणते नैतिक समर्थन आहे?

या दृष्टीने काही गोष्टी तातडीने करता येतील. पुनर्विकासाला परवानगी देतानाच जुन्या भाडेकरूंच्या देखभाल खर्चासाठी पुरेसा निधी विकासकाकडून घेऊन तो स्वतंत्र ठेवावा आणि त्याचा हिशेब जाहीर करावा. एका आवारातील मैदान, बाग आणि मुख्य प्रवेशद्वार सर्वांसाठी एकच असावे, ही अट नकाशा मंजुरीतच घालावी. भिंत एकदा उभी राहिली की मनातली भिंत पाडणे कठीण होते. सार्वजनिक यंत्रणेने मनावर घेतले तर काय होऊ शकते, हे वरळीच्या बीडीडी चाळींत दिसले आहे. तेथे म्हाडाने हाती घेतलेल्या योजनेत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे त्याच भागात मिळाली. याउलट, गिरणी कामगारांना मुंबईबाहेर शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याच्या प्रस्तावाला त्यांच्या संघटनांनी विरोध केला. तो हट्ट म्हणून उडवून लावणे योग्य नाही. ज्यांच्या श्रमावर शहर उभे राहिले, त्यांना शहराच्या वेशीबाहेर नेऊन ठेवणे, याला पुनर्वसन म्हणत नाहीत.

कायदा आपले काम करील तेव्हा करील. शेजाऱ्यांनाही आपले काम आहे. उत्सवाचा ध्वनिक्षेपक रात्री दहा वाजता बंद झाला पाहिजे, हे जुन्या रहिवाशाने आढेवेढे न घेता मान्य करावे. दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजावे, हे ठरवण्याचा अधिकार सदनिकेच्या किमतीबरोबर मिळत नाही, हे नव्याने ध्यानात घ्यावे. त्याने वस्तीची भाषा शिकावी, आणि जुन्याने ती शिकवताना दरडावू नये. वस्तीतील शाळा, वाचनालय आणि व्यायामशाळा ही दोघांनी एकत्र येण्याची ठिकाणे आहेत. महापालिकेच्या शाळेत केवळ जुन्यांची आणि महागड्या शाळेत केवळ नव्यांची मुले बसू लागली, तर पुढच्या पिढीला एकमेकांची नावेही ठाऊक असणार नाहीत.

हा प्रश्न मुंबईच्या वेशीवर थांबणारा नाही. पुण्याच्या हडपसर-हिंजवडीकडील जुन्या गावांत 'गाववाले' आणि 'सोसायटीवाले' हे शब्द रुळले आहेत. सोलापूरनेही आपल्या गिरण्या बंद पडताना पाहिल्या आहेत, आणि जेथे जमिनीचा भाव माणसाच्या कमाईला मागे टाकतो, तेथे ही वेळ येतेच. गावाकडून शहरात जाणाऱ्या मुलाला तेथे शिरकाव मिळावा आणि जो आधीपासून तेथे आहे, त्याला उठावे लागू नये, या दोन मागण्या परस्परविरोधी नाहीत. दोहोंना पुरेल एवढी जमीन गिरणगावात होती. ती कशी वाटली गेली, याचा जाब जुन्यांनी आणि नव्यांनी मिळून विचारला, तर त्यांच्यातील निम्मी भांडणे तेथेच मिटतील.