मुरगळला कीं मोडला?

सांगवी हें नीरेच्या कांठचें, उसाच्या मळ्यांचें गांव. येथील मुलांस खेळावयास निराळें मैदान लागत नाहीं; चिंचेचें झाड, कालव्याचा बांध, उसाची बैलगाडी हींच त्यांचीं मैदानें. मूल खेळणार आणि पडणारहि. पडतांना तें हात पुढें टेकतें व सारा भार मनगटावर अथवा कोपरावर येतो. हात सुजतो, आणि घरचीं वडील माणसें निकाल देतात : 'मुरगळला आहे, चोळून बांधा.' या निकालाविषयीं आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत.

हा निकाल एकदां आम्हींहि दिला आहे. सातवींतील एक विद्यार्थी झाडावरून पडला. बोटें हलतात, एवढ्यावरून हाड शाबूत आहे असें ठरवून आम्हीं त्यास घरीं धाडलें. तेथें तेल चोळून हात बांधण्यांत आला. महिन्याभरांत सूज उतरली व सर्वांस विसर पडला. दोन वर्षांनीं तोच मुलगा फळ्यावर गणित मांडीत असतां त्याचा पंजा आंगठ्याच्या बाजूस कललेला आम्हांस दिसला. मनगटापाशीं दोहोंपैकीं एका हाडाची वाढ थांबली होती. जोडीचें हाड मात्र वाढत राहिलें होतें.

मुलाचें हाड म्हणजे थोरांच्या हाडाची लहान प्रतिकृति नव्हे. लांब हाडांच्या टोकांपाशीं कूर्चेचा पातळ थर असतो व हाडाची लांबी तेथेंच वाढते. दंडाच्या हाडाची सुमारें ८० टक्के वाढ खांद्याकडील टोकास होते. कोपरापुढील दोन हाडांची बहुतेक वाढ मनगटाकडील टोकास. मुलींत साधारणतः १४-१५ व्या व मुलांत १६-१७ व्या वर्षीं हा थर मिटून त्याचें हाड बनतें. तोंपर्यंत तो सांध्याच्या बंधांहूनहि दुबळा असतो. म्हणून ज्या आघातानें थोरांचा सांधा मुरगळतो, त्याच आघातानें मुलाचा हा थर भंगूं शकतो. टोरांटो येथील सॉल्टर व हॅरिस यांनीं १९६३ सालीं अशा भंगांचे पांच प्रकार सांगितले. पहिले दोन बहुधा चांगले बरे होतात. पुढील प्रकारांत वाढ खुंटण्याची भीति अधिक.

हाड बसविणाऱ्या वैदूंचा आम्ही उपमर्द करीत नाहीं. परंतु हा थर बोटांनीं चांचपून कळत नाहीं. क्ष-किरणांच्या चित्रांतहि कूर्चा उमटत नाहीं. म्हणून तज्ज्ञ प्रसंगीं दुसऱ्या हाताचेंहि चित्र घेऊन ताडून पाहतात. शिवाय सुजलेल्या कोपरावर घट्ट पट्टी आवळल्यास रक्त अडून बोटें कायमचीं आंखडतात. जर्मन शल्यवैद्य फोल्कमान यांनीं १८८१ सालींच या व्यंगाचें वर्णन केलें आहे.

कोणी म्हणेल, प्रत्येक पडण्यासाठीं मजुरी बुडवून बारामती गांठावी काय? प्रत्येकासाठीं नव्हे. परंतु सांध्याजवळ सूज असेल, हाडावर दाबतांच मूल कळवळत असेल, किंवा तें हात वापरीत नसेल, तर त्याच दिवशीं जावें. बारामतीस सरकारी रुग्णालय आहे. २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयहि आहे. विलंब घातक आहे. सात-दहा दिवस उलटल्यावर हाड ओढून बसवूं गेल्यास त्या नाजूक थरासच नवी इजा होते. प्लास्टर निघालें म्हणजे काम संपलें असेंहि नाहीं. वाढ खुंटल्याचें मागाहून दिसतें, म्हणून वर्षभर हात दाखवीत राहावें.

विद्यार्थ्यांनों, रागें भरतील या भयानें पडल्याचें लपवूं नका. पालकहो, पडलेल्या मुलास आधीं रागावूं नका. आणि आम्हां शिक्षकांनीं बोटें हलतांना पाहून निकाल देण्याची संवय सोडावी. मजुरीचा एक दिवस पुन्हां मिळेल. वाढीचीं गेलेलीं वर्षें त्या हातास पुन्हां मिळत नाहींत.