भरलेला डबा परत घरी का जातो?



दरवर्षी २ जानेवारीला आमच्याकडच्या शाळांची मुलं सिद्धगडाच्या पायथ्याशी जातात. १९४३ साली याच दिवशी वीर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथल्या जंगलात ब्रिटिश पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. स्मारकाला फुलं वाहायची, घोषणा द्यायच्या, एखादं भाषण ऐकायचं, मग झाडाखाली बसून डबे खायचे आणि परत फिरायचं, असा तो दिवस असतो.

मागे अशाच एका २ जानेवारीला परत येताना नववीतली एक मुलगी रस्त्यातच मटकन खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाली. सावलीत घेतलं, पाणी पाजलं, कोणाच्या तरी पिशवीतला गूळ दिला. थोड्या वेळाने तरतरी आली. "डबा खाल्लास का गं?" विचारलं तर गप्प. पिशवी उघडून बघितली. तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी, आईने बांधून दिलेली, जशीच्या तशी. शेवटी तिच्या मैत्रिणीनेच सांगून टाकलं, "मॅडम, ती रात्रीची पण जेवत नाही. बारीक होतेय. फोटोत तोंड मोठं दिसतं म्हणते."

मैत्रिणीने मोबाईलमधला सकाळचा फोटो दाखवला. स्मारकापुढे चौघीजणी उभ्या. त्यात या मुलीचा चेहरा मला ओळखूच येईना. गाल आत गेलेले, हनुवटी टोकदार, डोळे मोठे. फिल्टर लावला होता. खरी मुलगी माझ्या शेजारी बसली होती, हाताला हाड लागावं इतकी बारीक.

पुढे आरोग्य केंद्रात तपासणी झाली, तेव्हा तिचं हिमोग्लोबिन नऊच्या घरात निघालं. या वयाच्या मुलींना ते किमान बारा हवं असतं. तिच्या आईला शाळेत बोलावलं. ती बिचारी शेतावरून तशीच आली होती. सगळं ऐकून म्हणाली, "मॅडम, आम्हाला लहानपणी पोटभर मिळत नव्हतं म्हणून आम्ही बारीक व्हतो. हिला मिळतंय, तर ही खात नाय. आता काय करू सांगा."

तिला तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आज हे लिहिते आहे.

एकाच शब्दाचे दोन अर्थ

आपल्या आज्यांच्या तोंडी "पोरीनं अंग धरलं", "तब्येत सुधारली", "आता कशी भरल्यासारखी दिसते" हे सगळे कौतुकाचे शब्द होते. मुरबाड-शहापूरच्या या पट्ट्यात ठाकर, कातकरी, महादेव कोळी वस्त्यांवर पावसाळ्याच्या तोंडाला धान्याची कणगी रिकामी व्हायची. मग टाकळा, कुर्डू, शेवळं अशा रानभाज्यांवर दिवस काढायचे. अशा ठिकाणी बारीक असणं ही हौस नव्हती, ती उपासमारीची खूण होती. सासरहून आलेली लेक बारीक दिसली की आईच्या पोटात कालवाकालव व्हायची.

आता त्याच वाडीवर एखादी मावशी प्रेमाने म्हणते, "काय गं, तब्येत झाली तुझी!" आणि पोरगी खोलीत जाऊन आरशापुढे उभी राहते. मावशीने कौतुक केलं, पोरीला टोमणा ऐकू आला. एका पिढीत शब्द उलटा झाला. तो कोणी उलटवला, हे समजून घेतल्याशिवाय "डबा खा" म्हणून नुसतं ओरडण्यात अर्थ नाही.

फिजी बेटांवर काय झालं

पॅसिफिक महासागरात फिजी नावाचा बेटांचा देश आहे. तिथेही आपल्यासारखंच होतं. भरलेलं, दणकट शरीर चांगलं मानायचे, पाहुण्याला आग्रहाने वाढायचे, कोणी वाळलं तर लोक काळजी करायचे. तिथल्या नद्रोगा भागात १९९५ साली टीव्ही आला. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या डॉ. अ‍ॅन बेकर यांनी टीव्ही आल्यानंतर काही आठवड्यांतच तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली आणि पुन्हा १९९८ साली केली. खाण्याच्या सवयी काळजी करण्याइतक्या बिघडलेल्या मुली आधी १०० मागे सुमारे १३ होत्या, त्या तीन वर्षांनी सुमारे २९ झाल्या. वजन वाढू नये म्हणून खाल्लेलं मुद्दाम उलटी करून काढणारी पहिल्या वेळी एकही नव्हती, दुसऱ्या वेळी १०० मागे ११ होत्या. प्रत्येक वेळी पाहणीतल्या मुली साठ-पासष्टच होत्या, हे खरं. पण मुलींशी बोलल्यावर त्या स्वतःच सांगत होत्या की आम्हाला टीव्हीवरच्या बायांसारखं दिसायचं आहे.

तो काळ एका टीव्हीचा होता. घरात सगळे मिळून बघायचे आणि रात्री तो बंद व्हायचा. आपल्या मुलींच्या हातात मोबाईल आहे, तो बंद होत नाही. सिद्धगडाच्या वाड्यांवर एसटी दिवसातून मोजक्या वेळा येते, पण रेंज मिळाली की रील चोवीस तास येतात. टीव्हीवर दुसऱ्याचं शरीर दिसायचं. मोबाईल तर मुलीला तिचंच शरीर बारीक करून दाखवतो आणि "तू अशी असायला हवी होतीस" असं दिवसभर सांगत राहतो. २०२१ साली इन्स्टाग्राम चालवणाऱ्या कंपनीचे आतले कागद बाहेर आले. किशोरवयीन मुलींमधल्या तीनपैकी एकीला स्वतःच्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असतं, ते या ॲपमुळे आणखी वाढतं, असं कंपनीच्याच लोकांनी आपल्या अभ्यासात लिहून ठेवलं होतं.

आपल्याकडचा 'साईज झिरो'

आपल्याकडे हा शब्द २००८ साली 'टशन' चित्रपटाच्या वेळी करीना कपूरमुळे घराघरात गेला. त्या वेळी तिच्या आहाराची काळजी घेणाऱ्या ऋजुता दिवेकर या मराठी बाईच. गंमत अशी की त्यांनी पुढे पुस्तकांतून आणि भाषणांतून सांगितलं ते उपाशी राहण्याच्या अगदी उलट आहे. भात खा, तूप खा, घरचं खा, आपल्या मातीतलं खा. अळीव, अंबाडी, कोकम, फणस यांचं त्या मोठं कौतुक करतात. म्हणजे आपल्या परसातलंच. पण लोकांच्या लक्षात राहिला तो फक्त आकडा, झिरो.

मराठी पडद्याने या विषयाला हातच लावला नाही असं नाही. २०१६ साली सचिन कुंडलकर यांचा 'वजनदार' आला. त्यासाठी सई ताम्हणकर आणि प्रिया बापट या दोघींनी मुद्दाम वजन वाढवलं. २०२० साली 'सुंदरा मनामध्ये भरली' ही मालिका सुरू झाली. तिची नायिका लतिका, म्हणजे अक्षया नाईक, जाड होती आणि लोकांनी तिला मनापासून स्वीकारलं. हे चांगलंच झालं. पण एक गोष्ट बघा. नायिका जाड असली की तिचं जाड असणं हाच गोष्टीचा विषय होतो. बारीक नायिकेला मात्र डॉक्टर होता येतं, वकील होता येतं, प्रेमात पडता येतं, तिच्या वजनाबद्दल कोणी बोलत नाही. हा फरक मुलींना कोणी समजावत नाही, तरी त्यांना तो बरोबर कळतो.

आमच्या मुलींचं खरं दुखणं

आता आकडे बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी १०० मागे सुमारे ५७ जणींना रक्ताची कमतरता होती. आधीच्या फेरीत त्या सुमारे ५० होत्या. म्हणजे प्रमाण वाढलं. १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये १०० मागे सुमारे २१ गरजेपेक्षा बारीक आणि सुमारे २३ गरजेपेक्षा जाड. दोन्ही दुखणी एकाच राज्यात शेजारी शेजारी आहेत.

बारीक होण्याचा संदेश निघतो तो ताटात जास्त असलेल्यांच्या दुनियेतून. येऊन पोहोचतो तो रक्तच कमी असलेल्या मुलीपर्यंत. माझं म्हणणं एवढंच आहे, की शहरातल्या मुलीला हा संदेश त्रास देतो, पण आमच्या मुलीच्या तो थेट जिवावर बेततो.

त्यात एक अडचण आपल्या व्यवस्थेची. शाळेतलं मध्यान्ह भोजन आठवीपर्यंत. नववीत गेल्यावर डबा घरून आणायचा. मुलींचं शरीर झपाट्याने वाढण्याचं, पाळीचं, हाडं भरण्याचं हेच वय. या वयात कंबर, मांड्या भरणं हे निसर्गाचं काम आहे. खाणं फार तोडलं तर पाळीसुद्धा थांबते. नेमकं याच वयात ताटावर लक्ष ठेवणारं शाळेत कोणी उरत नाही. आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती जेवल्यावर घ्यायची असते. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, मग मुली ती गुपचूप फेकून देतात. डबा गेला, पाठोपाठ गोळीही गेली.

मोबाईलच्या आधी आपण

सगळा दोष मोबाईलवर टाकून मोकळं होणं सोपं आहे. पण वर्गात "ए जाडे, मागे बस, फळा दिसत नाही" असं कोण म्हणतं? प्रगतिपत्रकात भरायचं म्हणून सगळ्यांसमोर वजनं घेताना मोठ्याने आकडा कोण ओरडतं? मीही ओरडले आहे. मागून पोरं हसली, तेव्हा मी त्यांना गप्प केलं आणि पुढचं नाव पुकारलं. त्या हसण्याने काय केलं असेल, हे मला कळायला बरीच वर्षं लागली.

घरी तरी काय वेगळं? "एवढं खाल्लंस तर कोण करील तुला?" लग्नाच्या जाहिरातीत "गोरी, सडपातळ मुलगी हवी". मुलाने तीन भाकऱ्या खाल्ल्या की तो कामाचा, मुलीने दुसरी घेतली की सगळ्यांच्या नजरा. रीलने सांगितलेलं मुलीला पटतं, कारण आपण ते आधीच सांगून ठेवलेलं असतं.

काही जण म्हणतील, मॅडम, लठ्ठपणा वाढतोय, मधुमेह वाढतोय, मग वजनाबद्दल बोलायचंच नाही का? बोलायचं ना. पण ते डॉक्टरांनी, तपासून, एकटीला घेऊन. मोठ्यांचं बीएमआयचं गणित वाढत्या वयाच्या मुलींना तसंच लावता येत नाही, त्यांचे तक्ते वयाप्रमाणे वेगळे असतात. तब्येत बरी आहे का, हा एक प्रश्न. दिसतेस कशी, हा दुसरा. आपण पहिल्याचं नाव घेऊन दुसरा विचारतो, तिथे चुकतं.

आपल्या हातात काय आहे

१. वजन-उंची आडोशाला घ्या, आकडा फक्त वहीत लिहा. वर्गात शरीरावरून पडलेली टोपणनावं बंद करा, आधी शिक्षक खोलीतली.

२. नववी-दहावीच्या मुलींबरोबर आठवड्यातून दोनदा तरी डबा खायला बसा. उपदेश नको, नुसतं सोबत जेवा. कोणाचा डबा भरलेला परत जातो ते आपोआप कळतं. गोळीही तेव्हाच द्या. जेवणावर लगेच चहा नको, लिंबू किंवा आवळा असेल तर उत्तम, म्हणजे लोह अंगी लागतं.

३. भाषेच्या तासाला एक जाहिरात घ्या आणि धड्यासारखीच शिकवा. हा फोटो कोणी काढला? काय विकायचं आहे? काय पुसून टाकलं असेल? फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीत मॉडेलचं शरीर संगणकावर बारीक किंवा जाड केलेलं असेल, तर फोटोवर तसं छापावं लागतं. हे मुलींना सांगितलं की त्या चकित होतात. मग एकीचा फिल्टर लावलेला आणि न लावलेला फोटो, तिची हरकत नसेल तर, शेजारी ठेवा. बाकीचं त्याच बोलतात.

४. आयांनो, मुलीसमोर स्वतःच्या शरीराला नावं ठेवू नका. "मी किती सुटलेय" हे ती ऐकत असते.

५. मुलगी जेवण टाळते, जेवल्यावर लगेच मोरीत जाते, पाळी थांबली आहे, सारखी चक्कर येते, असं दिसलं तर रागावू नका, डॉक्टरांकडे न्या. मनावर फार ताण असेल तर सरकारच्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं.

आमच्या मुली आवणीला दिवसभर चिखलात वाकून रोपं लावतात, डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढतात, मुंबईहून आलेले ट्रेकर जिथे धापा टाकतात तिथून लाकडाची मोळी घेऊन उतरतात. त्यांच्या शरीराबद्दल बोलायचंच असेल तर हे बोला. "किती ताकद आहे गं तुझ्यात" हे वाक्य आपण मुलीला शेवटचं कधी म्हटलं, आठवून बघा.

ती मुलगी आता दहावी होऊन गेली. एका दिवसात काही बदललं नाही. कित्येक महिने तिच्याशेजारी बसून मीही माझा डबा खाल्ला. पहिल्यांदा ती अर्धी भाकरी खायची. पुढे एक दिवस तिने माझ्या डब्यातली नाचणीची भाकरी मागून घेतली आणि म्हणाली, "मॅडम, माझी आई याच्यापेक्षा चांगली करते."

दुसऱ्या दिवशी तिने दोन भाकऱ्या आणल्या. एक माझ्यासाठी.

उद्या तुमच्या वर्गातला एखादा डबा भरलेला परत जात असेल. मधल्या सुट्टीत जरा बघाल का?