व्यापार वाढला की युद्ध टळते? साफ खोटे!



कुठल्याही व्यापारी करारावर सह्या झाल्या की एक वाक्य हमखास कानी येते: दोघांचे पैसे एकमेकांत अडकले, आता लढतील कशाला? गिऱ्हाइकाचा गळा कोण कापतो, हा दुकानदारी हिशेब त्यामागे आहे. ज्यांनी तो मांडला, त्यांच्याच वहीत तो चुकलेला आहे.

इंग्लंडात रिचर्ड कॉब्डेनने धान्यावरच्या जकातीच्या कायद्यांविरुद्ध रान उठवले आणि 1846 साली ते कायदे रद्द करवले. मुक्त व्यापाराने तोफा गंजतील, अशी त्याची मनापासून श्रद्धा. जॉन बाऊरिंग त्याच पंथातला. मुक्त व्यापार म्हणजे साक्षात येशू ख्रिस्त, इथवर त्याची मजल गेली होती. हाच बाऊरिंग पुढे हाँगकाँगचा गव्हर्नर झाला. ऑक्टोबर 1856 मध्ये चिनी अधिकाऱ्यांनी कँटनला ‘ॲरो’ या गलबतावरचे खलाशी पकडले. गलबत चिनी मालकाचे, त्याच्या ब्रिटिश नोंदणीची मुदतही संपलेली. बाऊरिंगला हे ठाऊक होते. तरीही कँटनवर तोफा डागल्या गेल्या.

कॉब्डेनने पार्लमेंटात निषेधाचा ठराव आणला आणि 16 मतांनी जिंकला. पंतप्रधान पामर्स्टनने निवडणूक लावली. मतदारांनी पामर्स्टनला डोक्यावर घेतले आणि कॉब्डेनला पाडले. व्यापारी जनता शांतताप्रिय असते म्हणे!

या बाबतीत आपण मुंबईकरांनी तर मान खालीच घालावी. 1839 चे ब्रिटन-चीन युद्ध ज्या अफूपायी पेटले, तिच्यातली माळव्याची अफू आपल्याच बंदरातून जाई. चिनी अधिकारी लिन झेशूने अफूच्या 20 हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या, हे निमित्त. त्या धंद्यात मोठे झालेल्या जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय आजही गोरगरिबांच्या उपयोगी पडते. (उपकार खरा, आणि पैसा कुठला तेही खरे.) चीन ‘हा माल नको’ म्हणत होता. त्याच्या दारात आरमार उभे करून 1842 साली पाच बंदरे उघडून घेतली, आणि त्यालाही व्यापाराचे स्वातंत्र्यच म्हटले गेले.

हे साम्राज्यांचे झाले, बरोबरीच्यांचे बोला, असे कोणी म्हणेल. 1914 साली ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांची बडी गिऱ्हाइके होती, तरी महायुद्धात एकमेकांवर तुटून पडली. गलवानमध्ये चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत जून 2020 ला आपले 20 जवान गेले. पुढच्याच वर्षी चीनशी आपला व्यापार 100 अब्ज डॉलरपलीकडे पोहोचला. व्यापाराने लढाई अडली नाही, लढाईने व्यापारही अडला नाही.

जकातीच्या भिंती बांधा, असे आम्ही म्हणत नाही. आपला कांदा, आपली द्राक्षे खुशाल परदेशी जावोत. पण करारावर शांततेचे लेबल लावून तो कोणी तुमच्या गळ्यात मारू लागला, तर एवढेच विचारा: समोरच्याने ‘नको’ म्हटले तर तुम्ही काय करणार?

जानेवारी 1860 मध्ये याच कॉब्डेनने फ्रान्सशी व्यापारी करार घडवून आणला. इंग्रज-फ्रेंचांचे सूत जुळले. आणि ‘ॲरो’वरून पेटलेल्या त्या युद्धात त्याच वर्षी ऑक्टोबरात दोघांच्या फौजा मिळून पेकिंगवर चालून गेल्या. बादशहाचा उन्हाळी राजवाडा दोघांनी लुटला, आणि इंग्रजांनी तो जाळला.