युगांडा रेल्वेपासून बेटेगावपर्यंत

आफ्रिकेतील जनतेवर युरोपीय वसाहतवादाने केलेल्या अन्यायाविषयी बोलताना आपल्या पुढाऱ्यांचा कंठ दाटून येतो. त्यांची सहानुभूती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु केनियातील शेतकऱ्याच्या जमिनीवर रेल्वेचे रूळ ज्या कायद्याने पडले, तो कायदा कोठे घडला, हे त्यांनी एकदा जनतेला सांगावे. तो कायदा हिंदुस्थानात घडला.

ब्रिटिश सरकारने येथे १८९४ साली भूसंपादन कायदा केला. मोंबासाहून निघणाऱ्या युगांडा रेल्वेसाठी जमीन हवी झाली तेव्हा काही वर्षांतच तोच कायदा पूर्व आफ्रिकेत लागू झाला. रूळ टाकण्यास तीस हजारांहून अधिक मजूरही येथूनच नेले. त्यांपैकी सुमारे अडीच हजार तेथेच मेले. रुळांमागोमाग गोरे मळेवाले आले, आणि १९१५ च्या वटहुकुमाने आफ्रिकी लोकांच्या वहिवाटीची जमीनही ब्रिटिश राजसत्तेच्या मालकीची ठरली. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारा माणूस कागदावर उपरा झाला.

आपल्या ठाणे जिल्ह्यात याहून वेगळे काय घडले? १८७८ च्या वन कायद्याने आदिवासींचे जंगल सरकारी केले, जमीन सावकार-जमीनदारांच्या घशात गेली आणि मूळ मालक वेठीला जुंपला गेला. त्या वेठीविरुद्ध १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले. तलवाड्याच्या गोळीबारात त्यांचे रक्त सांडले. पुढे १९७० च्या भूमिमुक्ती आंदोलनानंतर पालघर भागात काळूराम धोदडे यांच्या नेतृत्वाखाली भूमिसेना उभी राहिली. हा लढा इंग्रज गेल्यानंतरचा होता, हे विसरून चालणार नाही.

केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला व १९६८ साली त्याने या कायद्याच्या जागी स्वतःचा कायदा आणला. तरीही गोऱ्यांचे कित्येक मळे नव्या सत्ताधाऱ्यांच्याच पदरी पडले. आपण मात्र १८९४ चा कायदा २०१३ च्या अखेरपर्यंत जपला, आणि १९२७ चा वन कायदा आजही जपतो आहोत. साम्राज्याचा खरा वारसा हाच! धनी बदलतो, दप्तर तेच राहते.

आता बेटेगावकडे पाहा. शेजारी तारापूरला १९६९ साली अणुवीज सुरू झाली, बोईसरला कारखाने आले. त्या कारखान्यांच्या जागेला आपण ‘औद्योगिक वसाहत’ म्हणतो. शब्द बोलका आहे. आज त्याच बेटेगावात बुलेट ट्रेनचे बोईसर स्थानक होत आहे. पुन्हा रेल्वे, पुन्हा जमीन, पुन्हा ‘सार्वजनिक प्रयोजन’!

“मोबदला चांगला मिळतो, मग तक्रार कसली?” असे विचारले जाते. नव्या कायद्यात मोबदला व पुनर्वसनाच्या तरतुदी आहेत, हे आम्हीही मान्य करतो. पण मोबदला सातबारावरील नावाला मिळतो. ज्याची वहिवाट आहे पण नाव नाही, त्याच्या हाती काय पडते? २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली दिली. मग त्या कायद्याखालील दाव्यांचा निकाल लागण्याआधी जमिनीची मोजणी करण्याची घाई कोणाच्या हितासाठी?

अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वसंमती हवी, असे कायदाच सांगतो. पालघर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी या प्रकल्पाविरुद्ध ठराव केले आहेत. त्या ठरावांना रद्दीची किंमत देणारे सरकार १९१५ च्या वटहुकुमाचेच वारस ठरते.

म्हणून कार्यकर्त्यांनी पाड्यापाड्यांवर जाऊन वहिवाटीचे पुरावे गोळा करावेत, वनहक्काचे दावे नेटाने दाखल करावेत आणि ग्रामसभेचा प्रत्येक ठराव लेखी, तारखेनिशी, सह्या-अंगठ्यांसह जतन करावा. जो कागद आदिवासीला उपरे ठरवीत आला, तोच कागद आता त्याच्या हाती शस्त्र म्हणून आला पाहिजे. आफ्रिकी जनतेशी आपले बंधुत्व सिद्ध करावयाचे असेल, तर त्याची सुरुवात बेटेगावच्या बांधावर करावी लागेल.